दासीचा आवाज

वाशीम
१० डिसेंबर १९५१

प्रयागबाई,

तुझ्या पायांशी धाकट्या भावाचा नमस्कार पोहोचो. प्रत्यक्ष यायला तोंड नाही म्हणून लिहितो आहे.

परवा मालेगावच्या बाजारात लोकांनी माझ्या तंबूची कनात फाडली. भांडण नव्हतं, दारू नव्हती. मी त्यांना आपला दासीचा पिक्चर दाखवत होतो. तोच, राजवाड्यातल्या दासीवर हार चोरल्याचा आळ येतो, ती निघून जाते आणि शेवटी राजपुत्र तिला परत न्यायला येतो. लढाईनंतर नवे पिक्चर आले आणि हा मागे पडला होता; या खेपेला अमरावतीहून नवी कोरी प्रत आणली होती, आवाज खणखणीत. वाटलं, लढाईच्या काळात ज्यांनी हा पिक्चर तीन हंगाम मुका पाहिला, ते आता बोलताना पाहून वेडे होतील. झालेच वेडे. दासीने हिंदीत पहिलं वाक्य उच्चारलं आणि मागून एक म्हातारा ओरडला, "हे कोन बोलून राह्यलं?"

तिथून जो गलका सुरू झाला तो थांबलाच नाही. शेवटी दासी राजपुत्राच्या पायांवर पडून माफी मागते ना, तेव्हा तर बाया उठून उभ्या राहिल्या. "आमची दासी माफी नाही मांगत! यानं पिक्चर बदलला!" मी मशीन सोडून पुढे गेलो. म्हटलं, बाबांनो, खरा पिक्चर हाच आहे, कंपनीने काढला तो हाच. तर एक जण म्हणतो, "मंग आमी तीन साल काय पाह्यलं?" गाडीवान सोमला मध्ये पडला म्हणून मशीन वाचलं. कनात त्यानेच रात्री दाभणाने शिवली.

बाई, तू म्हणशील, माझा काय संबंध. तुझाच सगळा संबंध. लढाई लागली, विलायतेचा माल बंद झाला, आवाजाच्या यंत्रातला काचेचा व्हॉल्व जळला आणि दुसरा कुठे मिळेना. सगळे व्हॉल्व पलटणीकडे. आपल्या बोलपटाचा पुन्हा मूकपट झाला. मी तंबू गुंडाळायला निघालो होतो. तू तेव्हा आमच्या सगळ्यांचा स्वयंपाक करायला बरोबर होतीस. पिठाचे हात तसेच पडद्यामागे गेलीस, पत्र्याचा कर्णा तोंडाला लावलास आणि राजा, राणी, दासी, घोडा, सगळ्यांचं बोलून मोकळी झालीस. कोणी सांगितलंही नव्हतं.

आता थोडक्यात सांगतो. वाशीमला धरमसिंग शेठनी पक्कं थिएटर बांधलं आहे. खुर्च्या, पंखे, बायकांना वेगळी बाल्कनी. तंबूत जमिनीवर कोण बसणार? शेठ माझं मशीन घ्यायला तयार आहेत, मला तिथे ऑपरेटर म्हणून ठेवतो म्हणतात. चतुराला, माझ्या बायकोला, ते पसंत आहे. मला रात्रंदिवस चैन नाही. शिवरात्रीला किन्हीराजाची जत्रा आहे. तिथे तू एकदा पडद्यामागे उभी राहा. तंबू भरला तर मी मशीन देत नाही. नाही भरला तर तंबूचं कापड सोमलाच्या तांड्यावर वाटून टाकीन.

ये म्हणतो तर येच.

तुझा,
दौलत

*

रिठद
१९ डिसेंबर १९५१

चि. दौलत,

तुझी मोठी बहीण तुला खूप आशीर्वाद देते आणि त्याच्या मागोमाग थोडं रागावतेही.

पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारची ललिताबाई पाहायला आली. मालेगावच्या लोकांनी चांगलं केलं. दासीला मी तीन वर्षं माझ्या घासातला घास देऊन मोठी केली आणि तू तिला राजपुत्राच्या पायावर लोळवलीस. मूळ पिक्चरमध्ये ती माफी मागते हे मला तेव्हाही समजत होतं. हात जोडलेले दिसत होते की. पण चोरी केली नाही तर माफी कशाची? म्हणून मी तिच्या तोंडी माझं वाक्य घातलं, "मी येईन तुह्या घरी, पण मागच्या दारानं नाही येत." आणि जोडलेल्या हातांचं काय करायचं म्हणून पुढे जोडून दिलं, "आता तुले रामराम." जमलं होतं की नाही? बाया डोळे पुसत घरी जायच्या.

तुला लढाईचं सगळं सोन्यासारखं आठवतं. मला बाकीचंही आठवतं. पेट्रोल मिळेना म्हणून मोटार गेली आणि आपण सोमलाच्या बैलगाड्यांवर आलो. मशीनच्या दिव्याच्या कार्बनच्या कांड्या मिळेनात, म्हणून तू जळकी थोटकं तारेने बांधून वापरायचास आणि राजाचा चेहरा मधेच काळा पडायचा. मग मी कर्ण्यातून म्हणायची, महालात दिवा विझला रे, कोणी तेल घाला. लोकांना वाटायचं तेही पिक्चरमध्येच आहे. कच्ची फिल्म नाही म्हणून नवा पिक्चर नाही, असला तरी तंबूवाल्याला कोण देतो? म्हणून तोच एक पिक्चर गावोगाव, वर्षामागून वर्ष.

आणि सरकारचं ते लढाईचं रीळ! खेळाआधी दाखवलंच पाहिजे असा हुकूम. त्यालाही आवाज मीच. जहाजं चाललेली, शिपाई चाललेले, मला काय ठाऊक कुठे चालले. मी म्हणायची, "लेकरं चालली बाप्पा. यांच्या माय घरी चुलीपाशी बसून आहेत." एकदा तहसिलीतला साहेब येऊन बसला होता. खेळ सुटल्यावर तो तुला म्हणाला, ही बाई सरकारचं रीळ दाखवते की सरकारला रडवते? तू घाबरून त्याला चहा पाजलास.

आता तू लिहीत नाहीस ते मी लिहिते. लढाई संपली, शेहेचाळीसच्या हंगामात व्हॉल्व आला. रिसोडला पहिला आवाजाचा खेळ. लोक टाळ्या वाजवत होते, तू यंत्राला हार घातला होतास. मी कर्णा हातात घेऊन पडद्यामागे उभी होते. मला कोणी सांगितलं नव्हतं की आज तुझं काम नाही. पहिली दोन वाक्यं मी बोलले पण, ती यंत्राच्या आवाजात बुडाली. मग कनात उचलून मागून बाहेर पडले. दासीला मागच्या दारानं येऊ दिलं नाही आणि स्वतः मागच्या कनातीखालून निघाले. दुसऱ्या दिवशी तू म्हणालास, बाई, आता तुला आराम. मी आराम मागितला होता का?

राग नाही, पण विसरलेही नाही. आणि खरं सांगू, तो पिक्चर मी आजवर सरळ पाहिलेला नाही. पडद्यामागून सगळं उलटं दिसतं. राजपुत्र मला डावखुरा वाटायचा.

किन्हीराजाला येणं जमणार नाही. तूर काढायची आहे, गाय व्यायला झाली आहे. चतुरा म्हणते तसं कर. पंख्याखाली बसून मशीन चालव.

प्रयाग

*

वाशीम
१ जानेवारी १९५२

प्रयागबाई,

नमस्कार. गाय व्याली असेल. कालवड झाली की गोऱ्हा, ते कळव.

रिसोडचं लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. तू निघून गेल्याचं मला खेळ सुटेपर्यंत कळलंच नव्हतं. मला वाटलं होतं तू सुटलीस त्या उभं राहण्यातून, त्या ओरडण्यातून. रोज रात्री गरम पाण्याने घसा शेकत बसायचीस ते मी पाहत नव्हतो का? पण विचारायला हवं होतं, हे खरं. नाही विचारलं. आता विचारतो आहे.

तुरीचं निमित्त मला सांगू नकोस. दोन महिन्यांत तूर काय आभाळात जाते? मी तुला ओळखतो. तू मनातून कधीच तयार झाली आहेस. म्हणून मी किन्हीराजाला जाऊन आलो, जागा ठरवली, आणि रंगाऱ्याकडून पाटी लिहून घेतली: "दासीचा पिक्चर. प्रयागबाई स्वतः बोलणार." पाटी बाजारात उभी केली तेव्हा लोक गोळा झाले. तांड्यावरची भुरीबाई, ती कपाळापर्यंत चांदी घालणारी, दर खेळाला अगदी पुढे बसायची ती, ती पाटी वाचता येत नाही म्हणून दुसऱ्याकडून वाचून घेऊन मला म्हणाली, "बाई येनार असन तर मी पोरी, नाती, समद्या घेऊन येतो. न्हाई आली तं तुहं तोंड पाह्याची न्हाई."

आता माझं तोंड तुझ्या हाती आहे. धरमसिंग शेठना मी शिवरात्रीपर्यंत थांबायला सांगितलं आहे. ते थांबतो म्हणाले. भला माणूस आहे, त्याचाच जास्त त्रास होतो.

कर्णा मी घासून चकचकीत करून ठेवला आहे.

दौलत

*

रिठद
१२ जानेवारी १९५२

चि. दौलत,

आशीर्वाद. कार्डावर लिहिते, थोडंच आहे. मी येणार नाही. पाटी पुसून टाक. भुरीबाईला सांग, बाई म्हातारी झाली. माझी वाट पाहू नकोस आणि मला पुन्हा विचारू नकोस. कालवड झाली. कपाळावर चांद आहे.

प्रयाग

*

वाशीम
२५ जानेवारी १९५२

प्रयागबाई,

नमस्कार लिहितो, कारण तू मोठी आहेस. नाहीतर आज लिहिला नसता.

मंगळवारी मी रिठदला आलो होतो. सोमलाची गाडी जुंपून, थंडीत कुडकुडत. तुझ्या दाराला कुलूप. ललिताबाई म्हणाली, "बाई अकोल्याले गेली. दुसरी खेप हाय." मी विचारलं, कायले? तर म्हणते, "मले काय सांगते ती! पौषापासून कोनाशीच बोलत नाही. हातानं खुना करते. तुमच्यावर लय राग धरला वाटते."

तूर केव्हाच निघून खळ्यावर गेली होती. गाय गोठ्यात रवंथ करत होती. म्हणजे निमित्तं सगळी खोटी. माझ्यावरच्या रागापायी तू अख्ख्या गावाशी बोलणं टाकलंस? रिसोडला माझं चुकलं असेल. पण पाच वर्षांमागचं उकरून, मौन धरून, माणसाला असं उघड्यावर पाडायचं? कर्ण्यातून हजार माणसांशी बोललीस, आणि एका भावाशी बोलायला तुझ्याकडे शब्द नाही? पत्रात मात्र कसे भराभर येतात.

आणि अकोल्याला जायला वाशीमहूनच गाडी धरावी लागते. माझ्या घरावरून गेलीस. एकदा नाही, दोनदा. चतुराने तुला स्टेशनवर पाहिल्याचं मला सांगितलं होतं, मी तिला खोटं पाडलं होतं.

ठीक आहे. पाटी मी पुसणार नाही. जत्रेत लोक कनात फाडतील, फाडू देत. दुसऱ्या दिवशी मशीन धरमसिंग शेठच्या दारात नेऊन ठेवतो. तुझ्या मनासारखं होईल.

दौलत

*

रिठद
३ फेब्रुवारी १९५२

दौलत, लेकरा,

हे पाकिटात घालून पाठवते, कारण कार्ड अख्खं रिठद वाचतं आणि हे कोणाला कळू द्यायचं नव्हतं. तुलाही नाही. पण तू रागाने मशीन विकायला निघालास, म्हणून लिहिते.

माझा आवाज गेला.

दिवाळीनंतर घसा बसला. वाटलं, हिवाळा आहे, बसला असेल. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, ओव्याचा शेक झाला. आवाज परत आला नाही. आता नुसता वारा निघतो. जवळ बसलेल्याला ऐकू जाईल एवढी कुजबुज करता येते, तीही थोडा वेळ. तुझं पहिलं पत्र वाचून मी हसले असं लिहिलं ना, ते हसणं कसं होतं ते ललिताबाईलाच विचार. ती पाहायला आली ते मी गुदमरते आहे असं वाटून आली होती.

अकोल्याच्या डॉक्टरने घशात आरसा घालून पाहिलं. म्हणाला, आवाजाच्या दोऱ्यांवर गाठी धरल्या आहेत, जुन्या आहेत. विचारलं, तरुणपणी फार ओरडत होता काय? बाजारात भाजी विकत होता काय? मी मान हलवून हो म्हटलं. तो म्हणाला, वाटलंच. काय सांगणार होते त्याला, की मी राजा होते, राणी होते आणि घोडाही होते? मुंबईला कापता येतात म्हणे, पण कापून आवाज येईलच असं तोही म्हणेना. मी कापून घेणार नाही. वय काय माझं आता.

वाशीमच्या स्टेशनवर मी गाडीची वाट पाहत बसले होते. समोरून चतुरा गेली तेव्हा तोंडावर पदर घेतला. तुझ्या घरी आले असते तर तू "बाई" म्हणून हाक मारली असतीस आणि मला ओ देता आली नसती. मग तू कर्ण्याकडे पाहिलं असतंस. म्हणून आले नाही. मला तू ओळखतोस ना, मग मीही तुला ओळखते. तू तो कर्णा विहिरीत टाकला असतास आणि जन्मभर स्वतःला खात बसला असतास. तसं करायचं नाही. त्या तीन वर्षांत मी जे बोलले ते मला कोणी बोलायला लावलं नव्हतं. चूल फुंकायला आलेली बाई मी, तंबूभर माणसं माझ्या एका शब्दावर रडायची आणि हसायची. आवाज जायचाच होता तर तिथे गेला, हे बरं झालं. शेतातली पाखरं हाकलण्यात गेला असता तर वाईट वाटलं असतं.

पण आता घरात फार चैन पडत नाही. वाक्यं डोक्यात फिरत राहतात. भाकरी थापताना दासी बोलू लागते आणि तोंडातून काहीच निघत नाही. उठते, अंगणात जाते, पुन्हा आत येते.

राग नाही रे तुझ्यावर.

प्रयाग

*

वाशीम
१२ फेब्रुवारी १९५२

बाई,

चार वेळा लिहायला बसलो, चार वेळा उठलो. चतुराने पत्र वाचलं आणि ती माझ्याआधी रडली. स्टेशनवर थांबून हाक मारायला हवी होती, म्हणून स्वतःलाच बोल लावते आहे.

कर्णा विहिरीत टाकलेला नाही. तू म्हणालीस म्हणून. पण पाहवत नाही, पोत्याखाली ठेवला आहे.

पाटी पुसायला किन्हीराजाला गेलो होतो. तिथे पाटीसमोर दोन बाया उभ्या होत्या, एक दुसरीला दासीचं बोलणं म्हणून दाखवत होती, तुझ्यासारखी मान वेळावून. मागच्या कंदिलाने पडद्यावर पडणारी तुझी सावली तेवढी पाहिलेली त्या लोकांनी, तरी मान बरोबर वेळावली. माझ्याने पुसवेना. तसाच परत आलो.

आता एकच मागतो. बोलायला नाही, पाहायला ये. मशीन द्यायचं तर शेवटचा खेळ तू पुढे बसून बघ. एवढी वर्षं उलटा पाहिलास, एकदा सरळ बघ. मी खेळाआधी लोकांना खरं सांगीन. त्यांना नवी प्रत दाखवीन, हिंदी आवाजासकट. त्यांना जायचं असेल तर जातील. कनात फाडली तर सोमला शिवतोच. नाहीतरी उद्या ती लागणार कुणाला?

गाडी शिवरात्रीच्या सकाळी तुझ्याकडे येईल.

दौलत

*

रिठद
२८ फेब्रुवारी १९५२

चि. दौलत,

पोटभर आशीर्वाद. जत्रेतून निघताना तू विजेच्या इंजिनाशी झटापट करत होतास, लोक मला सोडत नव्हते, आणि माझ्या घशातलं उरलंसुरलं संपलं होतं. आपलं बोलणं झालंच नाही. तू मागे मशीनपाशी होतास, मी अगदी पुढे. तुला काय दिसलं ते मला ठाऊक नाही. मला काय दिसलं ते सांगते.

तू लोकांसमोर उभा राहून सांगितलंस, बाईचा घसा गेला, ती बोलणार नाही, ज्याला जायचं त्याने पैसे घेऊन जावं. मला वाटलं आता उठतील. कोणी हललं नाही. एक पोर रडत होतं, त्याला मायने पाजायला घेतलं. भुरीबाईने मला हाताला धरून तिच्या शेजारी सतरंजीवर बसवलं. तिच्या अंगावरच्या चांदीने मला टोचत होतं, पण मी सरकले नाही.

दिवे गेले. पिक्चर सुरू झाला. दौलत, राजपुत्र डावखुरा नाही रे! आणि दासीचा तीळ उजव्या गालावर आहे. मी तीन वर्षं त्या राजपुत्राकडून म्हणवून घेतलं, "तुह्या डाव्या गालावरचा तीळ मले झोपू देत नाही." लोकांना समोर उजव्या गालावर दिसत होता आणि एकाने मला कधी सांगितलं नाही. त्यांना वाटलं असेल, राजे लोकांचं डावं-उजवं वेगळं असतं.

मग दासीने तोंड उघडलं आणि यंत्रातून ते हिंदी आलं. चांगला आवाज होता तिचा, गोड. मी खाली पाहिलं. आणि एकाएकी आवाज गेला. मला वाटलं, व्हॉल्व पुन्हा जळला, दौलतचं नशीबच फुटकं. तंबूत नुसती मशीनची फडफड आणि बाहेर इंजिन. दासीचे ओठ हलत होते.

माझ्या शेजारून भुरीबाई बोलली. मोठ्याने, खणखणीत, जसं मी बोलायची तसं. "राणीसाहेब, हार म्या घेतला नाही. तुमच्या घरचं पानी पेलो, तेवढंच काय ते घेतलं." मागून कोण्या पुरुषाने राजाचं म्हटलं. मग एका बाईने राणीचं. एकदा दोन राजे बोलायला लागले आणि त्यांची बाचाबाची झाली, तोवर राजा पडद्यावरून निघूनही गेला होता. लोक हसले. मशीनचा दिवा मधेच मंद झाला तेव्हा सगळा तंबू एकदम म्हणाला, "महालात दिवा विझला रे, कोनी तेल घाला!" ज्यांनी लढाईत पाहिला नव्हता ती पोरंही म्हणाली. त्यांना कोणी शिकवलं? घरी मायने सांगितलं असेल. तीन वर्षं त्यांना दुसरा पिक्चर मिळाला नाही, म्हणून हा पाठ झाला. मी काय रडले ते भुरीबाईला विचार. तिचा पदर भिजवला.

आणि शेवट आला. राजपुत्र आला, दासीने हात जोडले. मी वाट पाहिली की आता भुरीबाई म्हणेल. ती म्हणेना. कोणीच म्हणेना. भुरीबाईने मला कोपराने ढोसलं. "हे तुहं हाय. हे आमी नाही म्हनत."

मी उठले. उठले ते पडद्याच्या पुढे, तुझ्या मशीनचा उजेड सगळा माझ्या तोंडावर. तोंड उघडलं. वारा निघाला नुसता. भुरीबाईला ऐकू गेलं, तिच्या नातीला ऐकू गेलं. बास. मला वाटलं, एवढंच. पण भुरीबाईने मागे वळून पाठीमागच्या बाईला तेच हलकेच सांगितलं. तिने तिच्या मागच्या ओळीला. कोणी मोठ्याने बोलेना. माझ्यासारखंच, कुजबुजत, ओळीमागून ओळ ते वाक्य मागे जात राहिलं. मी उजेडात उभी होते, मला पुढचं दिसत नव्हतं. पण ते जाताना ऐकू येत होतं, सस्स सस्स, तुझ्याकडे.

पिक्चर संपून पडदा पांढरा झाला तरी ते मधेच कुठेतरी होतं.

तुझ्यापर्यंत काय पोहोचलं, ते लिही. मला झोप लागत नाही.

प्रयाग

*

वाशीम
८ मार्च १९५२

बाई,

चतुराचा आणि माझा तुला नमस्कार.

व्हॉल्व जळला नव्हता. दासी हिंदीत बोलली आणि मला मागून तुझी मान खाली गेलेली दिसली. मी व्हॉल्व उपटून खिशात टाकला. हात भाजला. पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं, एवढंच माहीत होतं की हे चालू ठेवायचं नाही.

तू उजेडात उभी राहिलीस तेव्हा पडद्यावर दासीच्या अंगावर तुझी सावली पडली. मी रीळ थांबवायला विसरलो. फिल्मचं टोक सुटून फिरकीवर फटाफट वाजत होतं. तेवढ्यात माझ्या पुढ्यातल्या शेवटच्या ओळीतला एक म्हातारा उठला, मशीनपाशी आला. काळा, दात पडलेला, मी त्याला ओळखतही नाही. माझ्या कानाला तोंड लावून म्हणाला, "मी येईन तुह्या घरी, पण मागच्या दारानं नाही येत." आणि मग हात जोडून म्हणाला, "आता तुले रामराम." आणि गेला.

पोहोचलं, बाई. सगळं पोहोचलं.

दुसऱ्या दिवशी मी धरमसिंग शेठकडे गेलो. त्यांना मशीन दिलं नाही. आवाजाचं यंत्र दिलं, व्हॉल्वसकट, कर्ण्यासारखा त्याचा तो मोठा भोंगा, तारा, सगळं. शेठ म्हणाले, अहो, आवाजाशिवाय पिक्चर चालवणार कसा? मी म्हटलं, माझ्याकडे आवाज फार झाला आहे. चतुरा दोन दिवस धुसफुसत होती. तिसऱ्या दिवशी तंबूची शिवण सुटली होती तिथे दाभण घेऊन बसली.

आता मालेगाववाले निरोप पाठवत आहेत, आमच्याकडे कधी येता. पण त्यांची एक अट आहे. म्हणतात, आमी बोलू, पन शेवटचं बाईनंच बोललं पाह्यजे, हळू का होईना. मी कबूल करून बसलो. तुला विचारलं नाही. पुन्हा चुकलो. आता विचारतो, येतेस का?

सोमला सोमवारी गाडी घेऊन निघेल. त्याला बजावून सांगितलं आहे, गाडी पुढच्या दारी लाव.

तुझा,
दौलत